अर्जातला तो एक रकाना

सरकारी नोकरीचा ऑनलाइन अर्ज तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी भरला असेल. नाव, आईचं नाव, जातीचा प्रवर्ग, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल असं करत करत एका ठिकाणी प्रश्न येतो : 'आपण दिव्यांग आहात काय? होय / नाही.' बहुतेकांचं बोट तिथे क्षणभरही थांबत नाही. 'नाही' वर टिचकी आणि पुढचं पान.

माझं बोट त्या रकान्यापाशी पाच मिनिटं थांबलं होतं. आणि शेवटी मीही 'नाही' वरच टिचकी मारली. त्या एका टिचकीची गोष्ट आणि तिच्यामागचं सगळं नियमशास्त्र तुम्हाला सांगावं, म्हणून हा लेख.

माझं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. सातवीत असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात माझा डावा हात गेला, मनगटापासून. तेव्हापासून मला एक सवय लागली. फुल बाह्यांचा शर्ट घालायचा आणि डावा हात पँटच्या खिशात ठेवायचा. अकोल्याला डिप्लोमाला आलो तेव्हा वर्गातल्या काही जणांना तर पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत कळलंच नव्हतं. त्याचा मला केवढा अभिमान वाटायचा! लेव्हलचा ट्रायपॉड मी गुडघ्याने दाबून एका हाताने लावतो, टोटल स्टेशन चालवतो, ड्रॉइंगला सेट-स्क्वेअरवर कोपर ठेवून रेषा मारतो. मग मला कोणाची सवलत कशाला पाहिजे?

डिप्लोमा झाल्यावर एका खात्याची कनिष्ठ अभियंत्याची जाहिरात निघाली. अर्ज भरला, 'नाही' लिहिलं. परीक्षा बरी गेली, पण माझ्या प्रवर्गाच्या कट-ऑफला ११ गुण कमी पडले. दुःख झालं, पण कमी पडलो म्हणून सोडून दिलं. दोन महिन्यांनी अंतिम निवड यादी आली. मित्राचं नाव आहे का बघायला उघडली आणि शेवटच्या पानावर एक ओळ दिसली : दिव्यांग (एक हात बाधित), पद १, पात्र उमेदवार उपलब्ध न झाल्याने रिक्त.

ती ओळ मी किती वेळा वाचली, सांगता येत नाही. किमान पात्रता गुणांपेक्षा माझे गुण कितीतरी जास्त होते. पद होतं, गुण होते, एक हात बाधित असलेला माणूसही होता. फक्त त्याने आपलं नाव सांगितलं नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काऊन रे, जे हाय ते लिव्हाले काय झालं होतं? खोटं त तूच लिवलं ना बाप्पा."

खरंच की. मी इतके दिवस समजत होतो की 'होय' लिहिणं म्हणजे दया मागणं. प्रत्यक्षात 'नाही' हेच उत्तर खोटं होतं!

कायदा नेमकं काय देतो?

आता थोडं शिस्तीत बघू. आपल्या देशात दिव्यांगांच्या नोकरीचा हक्क पहिल्यांदा कायद्यात आला तो १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला आणि त्यात ३ टक्के आरक्षण होतं. त्याच्या जागी 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' आला, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. यात आरक्षण किमान ४ टक्के झालं आणि दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले.

ही ४ टक्के एका ढिगात नसतात. त्यांची वाटणी अशी :

१ टक्का अंध आणि अल्पदृष्टी यांना.
१ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांना.
१ टक्का अस्थिव्यंग गटाला. यात मेंदूचा पक्षाघात, बरे झालेले कुष्ठरोगी, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि स्नायूंचा ऱ्हास हेही येतात.
१ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून.

म्हणजे २०० जागांची भरती असेल तर ८ जागा, प्रत्येक गटाला २. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या सूचनांप्रमाणे यासाठी १०० बिंदूंची वेगळी नोंदवही ठेवतात आणि तिच्यात १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू दिव्यांगांचे धरतात. महाराष्ट्राने आपल्या सेवांसाठी २९ मे २०१९ च्या शासन निर्णयाने ४ टक्के लागू केले. जाहिरातींत या निर्णयाचा उल्लेख हमखास सापडेल.

हे आरक्षण 'समांतर' आहे, म्हणजे आडवं. ते जातीच्या आरक्षणाला छेदून जातं. निवड झालेला दिव्यांग उमेदवार आपल्या मूळ प्रवर्गाच्या खात्यातच मोजला जातो. त्यामुळे 'मी ओबीसीतून भरू की दिव्यांगातून?' हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही भरायचं.

जागा रिकामी राहिली तर काय? कलम ३४ सांगतं की योग्य उमेदवार नसेल तर जागा पुढच्या भरती वर्षात ओढायची. तेव्हाही नसेल तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला द्यायची आणि तिथेही कोणी नसेल तरच इतरांकडे वळवायची. माझ्या हातून गेलेली जागा अशीच पुढे गेली. ती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल अशी आशा करतो.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. पूर्वी केंद्र सरकार 'अ' आणि 'ब' गटात फक्त दिव्यांगांसाठी निश्चित केलेल्या पदांवरच टक्का मोजत असे, त्यामुळे आकडा आकसायचा. ८ ऑक्टोबर २०१३ ला नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टक्का संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायचा. अंध माणसांच्या संघटनेने लढलेल्या त्या खटल्याचा फायदा आज माझ्यासारख्या एकहाती माणसालाही होतो.

पहिली पायरी : प्रमाणपत्र

आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. हे टक्के मनाने ठरत नाहीत, वैद्यकीय मंडळ ठरवतं. अर्ज 'स्वावलंबन' या केंद्राच्या पोर्टलवर करायचा, त्यातून प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळतं. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रं या पोर्टलवरूनच द्यायची आहेत. जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवलं असेल तर ते ऑनलाइन करून घ्या. तपासणीसाठी अमरावतीकर इर्विनला जातात, अकोलेकर सर्वोपचारला. मंडळ रोज बसत नाही आणि प्रत्येक प्रकाराचा डॉक्टर प्रत्येक वारी नसतो, म्हणून वार आधी विचारून जा. मी न विचारता गेलो आणि दोन खेपा वाया घालवल्या.

इथे काही गैरसमज दूर करतो. एक डोळा गेला आणि दुसरा पूर्ण चांगला असेल तर साधारण ३० टक्केच धरले जातात, म्हणजे आरक्षण मिळत नाही. ऐकण्याच्या बाबतीत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे 'कमी ऐकू येणं' आणि ७० च्या वर 'कर्णबधिर'. एकाच कानाचा दोष यात बसत नाही. रंगांधळेपणा तर यादीतच नाही.

आणखी एक. २०२४ मध्ये महाराष्ट्र केडरच्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर वाद झाला आणि यूपीएससीने ती उमेदवारी रद्द केली. तेव्हापासून तपासणी कडक झाली आहे. काही लोकांना त्याचा त्रास वाटतो. मला वाटतं, कडक असलेलीच बरी. खोट्या कागदाने गेलेली प्रत्येक जागा कोणत्या तरी खऱ्या पोराची असते.

जाहिरातीतली गुप्त लिपी

जाहिरातीत पदासमोर 'ओए, ओएल, एचएच' अशी अक्षरं दिसतात. पहिल्यांदा मला तो सर्किटचा नकाशाच वाटला! अर्थ सोपा आहे. ओए म्हणजे एक हात बाधित, ओएल एक पाय, बीएल दोन्ही पाय, ओएएल एक हात आणि एक पाय. एलव्ही म्हणजे अल्पदृष्टी, एचएच म्हणजे कमी ऐकू येणं, डी म्हणजे कर्णबधिर, एलसी म्हणजे बरा झालेला कुष्ठरोगी. त्याच्याच शेजारी कामाला लागणाऱ्या क्रिया असतात : एस बसणे, एसटी उभे राहणे, डब्ल्यू चालणे, बीएन वाकणे, एल उचलणे, एमएफ बोटांनी काम करणे, एसई पाहणे, एच ऐकणे, सी संवाद साधणे.

कोणतं पद कोणाला 'सुयोग्य' हे ठरवणारी केंद्राची यादी ४ जानेवारी २०२१ ला आली. त्यात एकूण ३,५६६ पदं आहेत : 'अ' गटात १,०४६, 'ब' मध्ये ५१५, 'क' मध्ये १,७२४ आणि 'ड' मध्ये २८१. ही यादी किमान दर तीन वर्षांनी तपासून बघावी असं कायदाच सांगतो, कारण कामं बदलतात. पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर दोन हात लागत, आता कॅडवर एका हाताचं भागतं.

आपल्या शाखांसाठी दारं पुष्कळ आहेत. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, महावितरण, महापारेषण, महानिर्मिती (आपलं पारसचं वीज केंद्र त्यांचंच), जलसंपदा, जिल्हा परिषद, नगरपालिका, कर्मचारी निवड आयोगाची जेई, रेल्वे. गेटमध्ये दिव्यांग उमेदवाराची पात्रता मर्यादा खुल्या गटाच्या दोन-तृतीयांश असते आणि गेटच्या गुणांवर भरती करणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांनाही हाच ४ टक्क्यांचा कायदा लागू आहे. वयाची सवलत केंद्रात १० वर्षांची (मागास प्रवर्गांना त्याहून जास्त), तर राज्यात कमाल वय ४५. आणि शिकत असतानाच लागणारी एक गोष्ट म्हणजे एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती. किमान ४० टक्के दिव्यांगत्व आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर वर्षाला ५० हजार. माझी फी त्यातूनच निघते.

परीक्षेत लेखनिक आणि जास्तीचा वेळ

२०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अंध, दोन्ही हात बाधित आणि मेंदूचा पक्षाघात असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक मिळतो. इतरांना 'हा लिहू शकत नाही' असं जिल्हा शल्य चिकित्सकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं पत्र लागतं. लेखनिकाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रत्येक जाहिरातीतला तो परिच्छेद वाचाच. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टक्केवारी ४० च्या खाली आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, माणसाची प्रत्यक्ष अडचण बघायला हवी.

या सगळ्याचा उपयोग होतो का? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांचा आश्रम चालवतात. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे वाढलेल्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या माला पापळकर यांनी अमरावतीत शिक्षण घेतलं आणि त्याच २०२४ साली एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पार केली. लहानपणी रेल्वे स्टेशनवर सोडून दिलेली मुलगी सरकारी कार्यालयात स्वतःच्या खुर्चीवर बसते, यात तिची आणि बाबांची जिद्द आहेच. पण त्या जिद्दीला टेकायला ब्रेल, लेखनिक आणि एक राखीव जागा होती, हेही विसरून चालणार नाही.

त्याही आधीची गोष्ट अमरावतीच्या तपोवनाची. दाजीसाहेब पटवर्धनांनी स्वातंत्र्याच्या आसपास कुष्ठरुग्णांसाठी तिथे वसाहत उभी केली आणि त्यांना भीक नव्हे तर सुतारकाम, विणकाम असं काम दिलं. ज्या काळात लोक कुष्ठरोग्याच्या सावलीला भीत, त्या काळात त्याने केलेली खुर्ची लोकांच्या घरात गेली. आज कायद्यात 'बरे झालेले कुष्ठरोगी' हा शब्द वाचला की मला ते तपोवन आठवतं.

कंत्राटी नोकरी : गळका पाईप

आता कडू भाग. नियम ४ टक्क्यांचा असला तरी तो रिक्त 'पदांवर' मोजतात. काम बाहेरच्या एजन्सीला दिलं की पदच उरत नाही, मग टक्का कशाचा काढणार? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी एजन्सींचं पॅनेल नेमणारा शासन निर्णय काढला होता, विरोध झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द झाला. पण वेगवेगळ्या कार्यालयांत कंत्राटी माणसं आधीही होती आणि आजही आहेत.

याचा फरक मी गावात डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्याकडचे एक काका सरकारी नोकरीत कायम होते. अपघातात पाय गेला. त्यांना फिरतीच्या कामावरून काढून कार्यालयात बसवलं, पगार तोच. कारण कलम २०(४) सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कोणाला काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही. दुसरं पद द्यायचं, नसेल तर मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. त्याच गावातला माझा एक चुलतभाऊ ठेकेदाराकडे विजेच्या तारांवर काम करायचा. शॉक लागून त्याचा हात गेला. पुढच्या महिन्यात मस्टरवरून त्याचं नावच गायब! कामाचा प्रकार दोघांचा सारखाच, पण कागद वेगळा.

म्हणून कंत्राटी काम धरताना तीन गोष्टी आधी मागा : नेमणुकीचा कागद, पीएफ क्रमांक, ईएसआय क्रमांक. आणि हे लक्षात ठेवा, की ठेकेदाराच्या कामगाराला अपघात झाला तर भरपाई ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाकडूनही मागता येते. भावाला हे तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला कोणालाच नव्हतं.

आणि स्वतःच ठेकेदार व्हायचं असेल तर?

वऱ्हाडातल्या सिव्हिलवाल्यांचा हा आवडता रस्ता. सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली की छोट्या कामांचा एक हिस्सा काम वाटपातून मिळू शकतो. दिव्यांग अभियंत्यालाही ही नोंदणी खुली आहे. पण २०१६ च्या कायद्यात सरकारी कंत्राटांतल्या राखीव वाट्याचं कलम नाही. कलम ३७ मध्ये ५ टक्के आहेत ते सवलतीची जमीन, घरं आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांसाठी. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. दिव्यांग उद्योजकांचा असा वेगळा आकडा त्यात धरलेला नाही.

इतरत्र याचा वेगळा विचार झाला आहे. अमेरिकेत १९३८ पासूनच काही सरकारी खरेदी अंध कामगारांच्या संस्थांकडून करण्याचा कायदा आहे, १९७१ मध्ये तो इतर दिव्यांगांनाही लागू झाला. तिथल्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०३ तर सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीलाच बांधून घेतं, आणि २०१४ पासून अशा कंपन्यांना दिव्यांग कर्मचाऱ्यांचं ७ टक्क्यांचं उद्दिष्ट घालून दिलं गेलं. विचार सोपा आहे : जनतेच्या पैशातून कंत्राट घेता, मग जनतेतल्या सगळ्यांना काम द्या. आपल्याकडे पद कंत्राटात विरघळलं की हक्कही विरघळतो, तिथे हक्क कंत्राटाला चिकटवायचा प्रयत्न झाला. आपल्या निविदांच्या अटींतही अशी एक ओळ आली तर?

भांडवलासाठी दोन पत्ते. १९९७ मध्ये स्थापन झालेलं केंद्राचं अपंग वित्त महामंडळ (आता राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ) सवलतीच्या व्याजाने कर्ज देतं, राज्याचं महामंडळ त्याचं दार आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दिव्यांग 'विशेष प्रवर्गात' धरले जातात. २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांत त्यांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के होता. अर्जाच्या वेळी चालू नियम पाहून घ्या. बाबा सांगतात, त्यांच्या काळी अपंगांना एसटीडी-पीसीओचे बूथ मिळायचे, बसस्टँडवर त्यांची रांग असायची. मोबाइल आला आणि बूथ गेले. म्हणून एकाच धंद्याच्या परवान्यावर आयुष्य टांगण्यापेक्षा हातात कला आणि पदवी असलेली बरी.

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी

हा लेख फक्त दिव्यांग मित्रांसाठी नाही. उद्या तुम्ही अभियंता म्हणून सही करणार आहात. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर इमारतीच्या नकाशाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक मानकांत रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२. म्हणजे जोतं ४५ सेंमी असेल तर रॅम्प ५.४० मीटर लांब हवा. मी एका परीक्षा केंद्रावर टेपने मोजला, तो दीड मीटरचा होता! तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. व्हीलचेअरवरच्या मुलीला चार जणांनी उचलून वर नेलं. परीक्षेच्या आधीच तिची परीक्षा झाली. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमच्यासाठीही आयएस १७८०२ हे मानक आहे : संकेतस्थळ आणि सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरने वाचता आलं पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की नुसती मार्गदर्शक तत्त्वं पुरत नाहीत, किमान निकष बंधनकारकच हवेत.

अन्याय झाला तर काय करायचं? प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असतो. त्यानंतर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. माहितीच्या अधिकारात आरक्षणाच्या नोंदवहीची प्रत मागता येते. आणि डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे.

माझा रूममेट दर्यापूरचा, कॉम्प्युटरला आहे. दोन्ही कानांना यंत्रं लावतो आणि केस वाढवून ती झाकतो. परवा रात्री एका भरतीचा अर्ज भरताना त्याचं बोट त्या रकान्यापाशी थांबलेलं मला दिसलं. मी काहीच बोललो नाही. फक्त डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाला, "सर्टिफिकेट काढाले किती दिवस लागतात रे?"

मी म्हटलं, "वार इचारून जाजो. नाहीतर माह्यासारख्या दोन खेपा होतीन."

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी